मंगळवारचा हाका

अन्याय झाला तो सुमन भगत हिच्यावर. दिवाळी आटोपल्यानंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेआठ वाजता, आमच्या वावराच्या पश्चिमेच्या धुऱ्यापलीकडं, म्हणजे बांधापलीकडं, शेजारच्या पुंडलिककाकांच्या पऱ्हाटीत, कपाशीत. बुधवारी नाही, मंगळवारी. शेतमजुरांच्या संघटनेत ज्यांनी मला पत्रकं लिहायला शिकवलं त्यांनी यवतमाळात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की आधी कोणावर ते लिहायचं, मग कधी, मग कोणी केलं आणि शेवटी काय पाहिजे. 'फार वाईट वाटलं' हे पत्रकात कुठंच बसत नाही. तेव्हापासून मी तशी पत्रकं लिहीत आले. मजुरी बुडवलेल्यांची, फवारणीत डोळे गेलेल्यांची, डुकरानं मांडी फाडलेल्यांची. सगळी दुसऱ्यांच्या गावांची. हे माझ्या घरचं आहे, म्हणून ते एका पानाच्या पत्रकात मावलं नाही, आणि खरं सांगायचं तर मावू नये म्हणून मीच इतकी वर्षं पान लहान ठेवलं.

आमच्या घरात बंदूक होती. आर्णीच्या अलीकडच्या आमच्या गावात तेव्हा परवान्याच्या दोनच बंदुका, त्यांतली एक आमची. आजोबांनी पीकसंरक्षणासाठी घेतलेली दुनळी, बारा बोअरची. आजोबा गेल्यावर परवाना बाबांच्या नावावर झाला. बंदूक आतल्या खोलीत सागवानी पेटीत असे आणि तिची किल्ली बाबांच्या करदोड्याला. काडतुसं मात्र स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर, पत्र्याच्या डब्यात. त्या डब्याची किल्ली आईच्या मंगळसूत्रात. ही आजोबांनी लावून दिलेली शिस्त. दोघांचं एकमत झाल्याशिवाय बंदूक भरली जाऊ नये म्हणून. आईबाबांचं भांडण असलं की डुकरांचं फावायचं, असं सगळी आळी हसून म्हणायची. पण मी मोठी झाले ती त्या दोन किल्ल्यांच्या आवाजात. रविवारी सकाळी आई ज्वारीच्या कण्या शिजवत बसायची, तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडायच्या, आणि बाबा ओसरीवर पोतं अंथरून बंदूक मोडायचे. मोडायची म्हणजे बिजागरीत उघडायची. तो 'खट्' आवाज, मग गजाला गुंडाळलेलं फडकं नळीतून ओढताना होणारी लांब सरसर, आणि शिलाई मशीनच्या तेलाचा वास. कण्यांच्या वाफेत मिसळलेला तो वास मला आजही कुठल्याही शिंप्याच्या दुकानात येतो, आणि मी दुकानाबाहेर येऊन उभी राहते.

रानडुकरांबद्दल शहरातल्या मित्रमैत्रिणींना सांगायला गेलं की ते गालात हसतात. त्यांना वाटतं डुक्कर येतं, थोडं खातं, जातं. डुक्कर खात नाही, लोळतं. सोयाबीन शेंगेवर आलेलं असताना वीस-पंचवीसचा कळप आला की सकाळी वावर घोड्यांची शर्यत झाल्यासारखं दिसतं. हरभरा तर मुळासकट उकरतात. रोही, म्हणजे नीलगाई, वेगळे, ते उभ्यानं शेंडे खातात आणि तुरीचे खराटे करून जातात. तारेचं कुंपण परवडत नाही, म्हणून आमच्याकडं सगळे साड्या बांधतात. गावातल्या बायकांच्या जुन्या साड्या गोळा करायच्या, बांबू ठोकायचे आणि वावराच्या चारी धुऱ्यांनी लाल, पिवळ्या, मोरपंखी साड्या आडव्या ताणायच्या. वाऱ्यानं त्या फडफडतात, डुकराला माणूस असल्याचा भास होतो. पहिले आठ दिवस होतो. मग डुक्कर शिकतं. माणूस मात्र उलटं शिकतो: धुऱ्यावर रंगीत काही हललं की त्याच्याकडं बघायचंच नाही, ही सवय आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांना लागली होती.

बाबा फार बोलत नसत, पण बंदुकीवर बोलत. मला भाऊ नाही, त्यामुळं ते जे काही होतं ते मलाच मिळालं. बारीक छर्रा पाखरासाठी. तो डुकराला मारला तर कातडीत बसतो, आणि ते जखमी जनावर पळत जाऊन जी कोणी बाई शेजारी निंदत असेल तिच्यावर पडतं. डुकराला एल.जी., म्हणजे एका काडतुसात मोजके मोठे छर्रे, आणि तेही तीस-चाळीस पावलांच्या आत. त्यापुढं हात आवरायचा. ओल लागून फुगलेलं काडतूस वापरायचं नाही. दुसऱ्या मापाचं काडतूस घरात येऊच द्यायचं नाही, कारण वीस बोअरचं काडतूस बाराच्या नळीत पुढं सरकून अडकतं, नळी रिकामी वाटते, मग मागून बाराचं भरलं की नळी तोंडावर फुटते. धुरा ओलांडताना बंदूक मोडलेली, काडतुसं खिशात. ट्रॅक्टरवरून, बैलबंडीवरून गोळी नाही. उभ्या पिकात गोळी नाही. बोट घोड्यावर केव्हा, तर मारायचं नक्की झाल्यावर. आणि सगळ्यात आधी एक गोष्ट, जी ते प्रत्येक वेळी, मला पाठ झाली तरी सांगत.

"गोळी सुटते ते आपल्या हातात हाय. थांबते कुठं ते जमिनीच्या हातात हाय. म्हनून डुकराच्या पह्यले डुकरामागची जमीन पाहा."

रायफलबद्दल त्यांचं मत सरळ होतं. तीनशे पंधरा बोअरची रायफल चांगली चीज आहे, पण डोंगरात. समोर कडा असेल, टेकाड असेल तर. आपल्याकडं सपाट काळी जमीन. रायफलची गोळी डुकराच्या पाठीवरून गेली तर ती शिवारात थांबत नाही, पुढच्या गावापर्यंत जाऊ शकते. छर्रा लवकर दमतो, रायफलची गोळी दमत नाही, असं ते म्हणत. हे सगळं त्यांना ठाऊक होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. अडाणी माणसाकडून झालेली चूक आणि जाणत्या माणसानं होऊ दिलेली चूक, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्या वर्षी मी अकरावीत होते. सोयाबीनचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं आणि कळप आता दिवसाही आमच्या तुरीत मुक्कामाला होता. बाबांनी वनखात्याकडं अर्ज केला, हेलपाटे घातले आणि परवानगी आणली. त्या कागदावर बाबांचं नाव, वावराचा गट नंबर, मुदत, आणि बाबांच्या बंदुकीचा नंबर. दुसऱ्या कोणाचं नाव नव्हतं, दुसरी बंदूक नव्हती. बाबांनी हाका, म्हणजे आवाज करून डुकरं हुसकायची शिकार, ठरवला बुधवारी, दुपारी चारचा. त्यामागं हिशेब होता. आमच्या वावराच्या पूर्वेला मुरमाचं एक टेकाड आहे. तुरीच्या दक्षिणेला सोयाबीन निघाल्यानं मोकळी पट्टी पडली होती. नाल्याकडून डबे वाजवत माणसं तुरीतून येणार, डुकरं पट्टीत बाहेर पडणार, आणि पश्चिमेला उभ्या असलेल्या बाबांना ती दिसणार तेव्हा मागं टेकाड असणार. दुपारी ऊन बाबांच्या पाठीला. गोळी चुकली तरी मुरमात जाणार.

कोतवालानं दवंडी दिली. एरवी दवंडी मारुतीच्या पारापर्यंत येऊन परत फिरते. नाल्यापलीकडं बौद्ध वस्ती आहे, तिथं कोणी जात नाही. त्यांना आपोआप कळतं, असं गावाचं म्हणणं. बाबांनी त्या वेळी कोतवालाला वस्तीवर पाठवलं, आणि तो खरंच गेला. बुधवारी दुपारी अमक्या वावरात डुकरांचा हाका आहे, त्या बाजूला कोणी जाऊ नये. सुमनबाईनं ती दवंडी तिच्या दारात उभं राहून ऐकली.

सुमनबाई आमच्याकडं निंदणाला यायची. तिशी ओलांडलेली, उंच, चालताना इतरांच्या पुढं दहा पावलं. नवरा पुण्याकडं बांधकामावर. तिचं तोंड भारी होतं. बाबांना ती तोंडावर म्हणायची, पाटील, तुमच्या बंदुकीनं आजवर डुक्कर मेलं का कंटाळून गेलं ते सांगा. बाबांसारखा माणूसही हसायचा. सोमवारी सकाळी ती आमच्या अंगणात आली होती, आईकडं विरजण मागायला. पुंडलिककाकांच्या पऱ्हाटीत पहिली वेचणी सुरू व्हायची होती, आणि पहिल्या वेचणीआधी वावरात सीतादही करतात: पऱ्हाटीच्या बुडाशी खडे मांडून त्यांना कुंकू लावायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, मग पहिलं बोंड तोडायचं. तिच्या वस्तीतल्या बायका हे करत नाहीत, त्यांनी ते सोडलं. पण काका म्हातारे, एकटे, त्यांची बायको गेलेली, त्यांना ते हवं असायचं. सुमनबाई म्हणाली, देवाशी माझं काही देणंघेणं नाही, म्हाताऱ्यासाठी करते. आईनं विचारलं कधी करणार. तेव्हा ती जे बोलली ते मी, आई आणि चुलीपाशी बसलेले बाबा, तिघांनी ऐकलं.

"बुधवारचं करनार होती. पन बुधवारी तुमचा हाका हाय ना, त उद्याच उरकून टाकतो. मंगळवारी वेचतो, बुधवारी घरी बसतो. गोळी खायाची हौस नाई मले."

त्याच संध्याकाळी, दिवे लागायच्या आत, भाऊसाहेब आले. हे आमचे माजी सरपंच. त्यांच्यासोबत जीप आणि जीपमध्ये एक पाहुणे. सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणत होते. खरंच वकील होते की नाही मला माहीत नाही. साहेबांकडं रायफल होती, दुर्बीण लावलेली. ओसरीवर पोतं अंथरून ती ठेवली तेव्हा अर्ध्या तासात अर्धं गाव अंगणात जमलं. पितळी काडतूस हातोहात फिरलं. टोकाला शिसं उघडं असलेली गोळी. आत गेली की फुलासारखी उमलते, असं साहेब समजावून सांगत होते, आणि माणसं माना डोलवत होती. आमची दुनळी त्या दिवशी बाहेर आलीच नाही. भाऊसाहेबांनी मग मुद्दा काढला: साहेबांना बुधवारी जमत नाही, बाहेरगावी जायचं आहे. तर हाका उद्याच घेऊ. सकाळी.

बाबांनी तीन गोष्टी सांगितल्या. परवानगी माझ्या बंदुकीची आहे. जमीन सपाट आहे, रायफलची नाही. आणि सकाळी ऊन टेकाडाकडून येतं. तिन्ही बरोबर. भाऊसाहेबांनी तिन्ही हसण्यावारी नेल्या. परवानगी कोण तपासायला येतं? साहेबांचा हात इतका पक्का आहे की जमीन काय करायची? बाबांनी चौथं विचारलं, ते मी दारामागून ऐकलं. लोकांना बुधवार सांगितला आहे, त्याचं काय? भाऊसाहेबांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुम्ही कायले टेन्शन घेता, भाऊ? मी पाठवतो ना मानूस वस्तीवर."

बाबांनी मान डोलवली. आईनं स्वयंपाकघरातून मला हाक मारली, पाहुण्यांसाठी झुणका-भाकर आणि वांग्याची भाजी करायची होती. मी तुरीच्या शेंगा सोलायला बसले. नाल्यापलीकडची वस्ती आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. उजेड होता. सुमनबाई सकाळी काय बोलली ते माझ्या डोक्यात होतं. मी आईला तसं म्हणालेही. आई म्हणाली, भाऊसाहेब माणूस पाठवणार आहेत ना. मी पुन्हा शेंगा सोलू लागले. मी पुढं शेकडो पत्रकांत 'प्रशासनाची बेपर्वाई' असं लिहिलं आहे. तो शब्द लिहिताना मला कायम तुरीचे हिरवे सोले दिसतात, एक टोपलं भरून.

माणूस गेला नाही. कोणी पाठवलाच नाही की पाठवला आणि तो पारावर बसून परत आला, हे मला कधी कळलं नाही.

मंगळवारी सकाळी धुकं लवकर विरलं. एकवीस माणसं डबे, थाळ्या घेऊन नाल्याकडं गेली. मला चहाची किटली देऊन बाबांनी आपल्या मागं ठेवलं. बाबांनी साहेबांना पश्चिमेला उभं केलं, जिथून टेकाड समोर येतं. साहेबांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि मान हलवली. ऊन थेट दुर्बिणीत येत होतं, काही दिसेना. ते चालत पट्टी ओलांडून टेकाडाच्या पायथ्याशी आले आणि पाठ फिरवून उभे राहिले. आता ऊन त्यांच्या पाठीला. आता त्यांच्या समोर मोकळी पट्टी, तिच्यापुढं साड्यांचं कुंपण, आणि कुंपणामागं पुंडलिककाकांची सपाट पऱ्हाटी. बाबांनी मला टेकाडावर, सगळ्यांच्या मागं बसवलं आणि ते साहेबांच्या शेजारी आले. त्यांनी जमीन पाहिली, मी त्यांना पाहताना पाहिलं. त्यांची बंदूक मोडलेली, हातावर आडवी. मला वाटलं आता ते बोलतील. साहेबांनीच विचारलं, समोर ते रंगीत काय हलतंय.

बाबा म्हणाले, "साड्यायचं कुंपन हाय, साहेब. तिकडं ध्यान नका देऊ."

नाल्याकडून डब्यांचा आवाज सुरू झाला. तुरीचे शेंडे हलू लागले. मी टेकाडावरून कुंपणाकडं पाहत होते; पिवळी साडी, हिरवी साडी, आणि त्यांच्या मागं एक तपकिरी लाल साडी खाली वाकली आणि पुन्हा उभी झाली. वारा नव्हता. मी पाहिलं आणि मलाही ती साडीच वाटली. हे मी शपथेवर सांगू शकते. माझी दृष्टी चांगली होती, अंतर फार नव्हतं, ऊन माझ्याही पाठीला होतं. पण धुऱ्यावर रंगीत हललं की तिकडं बघायचं नाही, हे डोळ्यांनीच ठरवून टाकलेलं होतं.

पहिलं डुक्कर मोठं होतं, नर. तो पट्टीत आला, थांबला, वळला. रायफलचा आवाज दुनळीसारखा भरीव नसतो, कोरडा असतो, कोणीतरी वाळलेली फांदी कानाशी मोडावी तसा. डुक्कर पडलं नाही. ते शेपूट उभारून दक्षिणेकडं पळालं. मागून येणारे हाकेवाले हसायला लागले. साहेबायची बंदूक डुकराले घाबरली, असं कोणीतरी ओरडलं. त्या हसण्यात आम्हांला पलीकडचं काही ऐकू आलं नाही. मग हसणं थांबलं आणि पुंडलिककाकांचा आवाज आला. ते सुमनला हाका मारत नव्हते, नुसतं 'माय वो, माय वो' म्हणत होते.

गोळी पिवळ्या साडीतून गेली होती. साडीला बोटाएवढं भोक. सुमनबाईच्या मांडीला मात्र बोटाएवढं नव्हतं. गोळी आत उमलते ती कशी, हे मी तिथं पाहिलं आणि त्याचं वर्णन करणार नाही. बाजूला खडे मांडलेले, कुंकू लावलेलं, दहीभाताचं भांडं उपडं. ती शुद्धीवर होती. बाबांनी स्वतःचा शेला काढून मांडीवर आवळून बांधला आणि गुडघ्यानं दाबून धरला. बाबांनी जीप आणायला सांगितलं. जीप सुरू झाल्याचा आवाज आला, आणि तो आवाज लांब लांब गेला. गावाबाहेर आधी रायफल गेली. सुमनबाई नंतर गेली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, कापसाच्या रिकाम्या पोत्यांवर, आर्णीपर्यंत; तिथून पुढं यवतमाळला. पाय मांडीतून काढावा लागला.

तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्या ओसरीवर चौकशीचा कागद लिहिला गेला. कोणत्या खात्याचे कोण आले होते हे मी इथं लिहीत नाही, ते माझ्या प्रतिज्ञापत्रात आहे. भाऊसाहेब आधी येऊन आईबाबांशी आत बोलून गेले होते. परवानगी बाबांच्या नावावर. दुसऱ्याला मारू दिलं म्हणजे गुन्हा आधी बाबांचा. त्यापेक्षा बाबांच्या बंदुकीतून चुकून सुटली असं लिहावं, अपघात आहे, निभावून जाईल. साहेबांचं नाव कशाला. आणि बाईला सूचना होतीच. बाबांनी सही केली. ज्या माणसानं मला बंदुकीबद्दल एकही खोटी गोष्ट कधी सांगितली नाही, त्यानं कागदावर लिहून दिलं, की रीतसर दवंडी देऊनही सदर महिला मनाई केलेल्या क्षेत्रात शिरली.

मग त्या अधिकाऱ्यानं, मला वाटतं केवळ उपचार म्हणून, दारात उभ्या असलेल्या मला विचारलं, बाळ, दवंडी दिली होती ना? मी बाबांकडं पाहिलं. बाबा आपल्या हातांकडं पाहत होते. मी म्हणाले, हो. एवढंच. दवंडी दिली होतीच. कोणत्या वाराची, हे त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

बंदूक जमा झाली. करदोड्यावरची किल्ली बाबांनी तशीच ठेवली. घरात त्यानंतर बोलणं कमी झालं. आई कण्या शिजवायची, आम्ही तिघं जेवायचो, ताटांचा आवाज तेवढा यायचा. एकदा मी विचारलं, बाबा, तुम्ही असं काहून लिहून दिलं? ते म्हणाले, तुझं शिक्षण राहिलं असतं. मी त्या शिक्षणावर यवतमाळला गेले, कॉलेज केलं, शेतमजुरांच्या संघटनेत पडले, माईकवरून बोलायला शिकले. त्या प्रत्येक भाषणाचं भाडं सुमनबाईनं भरलेलं आहे, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

तिच्याकडं जायला मला चार वर्षं लागली. ती माहेरी, बोरी अरबला, भावाकडं राहत होती. घरापुढच्या ओट्यावर बसून मिरच्यांची देठं काढत होती. कुबडी भिंतीला टेकवलेली. तिनं मला ओळखलं, भावाच्या मुलीला चहा टाकायला सांगितलं, माझ्या आईची चौकशी केली. बाबांचं विचारलं नाही. मी तयारी करून गेले होते: मदत मिळवून देण्याचे अर्ज, कृत्रिम पायाच्या शिबिराचा कागद. तिनं ते सगळं ऐकून घेतलं आणि बाजूला ठेवलं.

"पायाचं जाऊ दे. तो साहेब त काही माह्यावर नेम धरून नव्हता. मले त्या कागदाचं सांग. मी चार ठिकानी गेली. जिथं जाईन तिथं तोच कागद काढतात, म्हनतात बाई, तुमची चूक हाय. माह्या पोरायले शाळेत म्हनतात, तुही माय डुकरासारखी वावरात घुसली. मी त बुधवार आयकला म्हनून मंगळवारी गेलती. आयकलं म्हनून लंगडी झाली मी."

मग तिनं माझ्याकडं सरळ पाहिलं.

"तुह्या चुलीपाशीच सांगतलं होतं ना वं मी?"

मी हो म्हणाले. त्या हो-नंतर मला बरं वाटेल असं काही ती बोलली नाही, आणि तिनं बोलावं असं मला वाटण्याचाही मला हक्क नव्हता. चहा झाला. निघताना ती म्हणाली, मला काही नको, त्या कागदातून माझी चूक काढा.

ती चूक अजून निघालेली नाही. मी प्रतिज्ञापत्र केलं: सोमवारी संध्याकाळी हाक्याचा दिवस बदलला, वस्तीवर कोणी सांगितलं नाही, गोळी बाबांच्या बंदुकीतून सुटलीच नाही, ती पूर्ण वेळ मोडलेली होती. ते वाचून मला सांगण्यात आलं, की बापाच्या सहीविरुद्ध एकट्या लेकीचा शब्द, तोही तेव्हा अठरा न झालेल्या, तोही आधी 'हो' म्हणालेल्या लेकीचा. एवढ्यावर जुना कागद उघडत नाही. पुंडलिककाका वारले. आई म्हणते, तुझ्या बाबांना या वयात कोर्टात उभं करू नको. हे सगळं छापू का, असं बाबांना मी विचारलं, शेवटचं मागच्या महिन्यात. ते ओसरीवर बसले होते. म्हणाले, माझ्या मागं कर. मी त्यांना सांगितलं की तुमच्या मागं नाही, तुमच्या डोळ्यांदेखत करणार आहे, आणि सुमनबाई जिवंत असताना करणार आहे. हे छापून आल्यावर ते वाचतील. त्यांना चष्मा मीच करून दिला आहे.

आजकाल आमच्या भागात परवानग्या पूर्वीपेक्षा सोप्या झाल्या असं म्हणतात, आणि डुकरं काही कमी झालेली नाहीत. शेतकऱ्यानं पीक राखू नये असं मी कधी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. पण उमरखेडपासून दारव्ह्यापर्यंत कुठल्याही गावात कोणी पाहुणा रायफल घेऊन ओसरीवर आला आणि तुम्ही माना डोलवत उभे असाल, तर त्या गर्दीतून बाहेर पडा आणि गावाच्या शेवटच्या घरापर्यंत स्वतः चालत जा. माणूस पाठवतो म्हणणाऱ्यावर सोडू नका.

आणि आता तुम्ही एकवीस जण. तुमच्यातले सतरा अजून गावात आहेत, दोन आर्णीत दुकान चालवतात, दोन पुण्याकडं कामाला आहेत, मला सगळ्यांची नावं ठाऊक आहेत आणि ती मी मुद्दाम लिहिलेली नाहीत, कारण ती तुम्ही लिहायची आहेत. तुम्ही नाल्याकडून डबे वाजवत आलात. जीप कोणाची होती ते तुम्ही पाहिलं, आवाज कोणत्या बंदुकीचा होता ते तुम्हांला कळलं. तुम्ही हसलात, त्याबद्दल मी काही मागत नाही. मीही टेकाडावर बसून होते. एक कोरा कागद घ्या. दवंडी कोणत्या वाराची होती आणि हाका कोणत्या वारी झाला, एवढ्या दोन ओळी लिहा, खाली पूर्ण नाव घाला, सही करा, आणि या आठवड्यात तो कागद बोरी अरबला सुमन भगत हिच्या हातात नेऊन द्या.